सोमवारची श्रद्धा

या संग्रहातले लेख एका साध्या अडचणीतून निघाले आहेत. उपासनेत बसून जे मी खरे मानतो, ते उपासना संपल्यावर कुठे जाते? चर्चमध्ये आम्ही शेजाऱ्यावर प्रीती करायची म्हणतो, अपराधांची क्षमा मागतो, एकाच भाकरीतून खातो. मग घरी येतो, भाजीचा हिशोब करतो, भावाशी जमिनीवरून धरलेला अबोला पुढे चालू ठेवतो, दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन हाताखालच्या पोराला चारचौघांत बोलतो. यातला कोणता माणूस ख्रिस्ती? दोन्ही ठिकाणी मीच असतो, म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही.

हे लेख आंबीत लिहिले गेले आणि त्यांच्यावर या गावाची छाप आहे. आंबी हे मावळातले गाव, तळेगाव दाभाड्याजवळ, इंद्रायणीकाठी. आजूबाजूला पूर्वी भाताची खाचरे होती. काही अजून आहेत आणि आषाढात तिथे लावणीही होते, पण गावाचे घड्याळ आता औद्योगिक वसाहत ठरवते. पाळी सुटली की रस्ता भरतो. बीड, लातूर, नांदेड, बिहार, ओडिशा असे सगळीकडचे लोक इथल्या खोल्यांमधून राहतात. त्यांत मराठी ख्रिस्तीही आहेत, कुणी नगरकडचे, कुणी जालन्याकडचे. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असे नाही. ज्याला रविवारी पहिल्या पाळीला जायचे आहे, त्याने आपली श्रद्धा कुठे ठेवायची? अशा माणसाचा सगळा आठवडा सोमवारच असतो. त्याच्यासाठी धर्माचा विचार करायचा तर तो उपासनेच्या बाहेरच करावा लागतो.

मराठी ख्रिस्ती लेखनात भक्ती भरपूर आहे. धर्मांतराच्या कहाण्या आहेत, उत्तम गीते आहेत, वादविवादाचे ग्रंथ आहेत. मात्र रोजच्या जगण्याला धरून केलेला विचार मला नेहमी अपुरा वाटत आला. तो नाही असे नव्हे. तो आत्मचरित्रांत आहे, पत्रांत आहे, कीर्तनात आहे, आणि आपण त्याला विचार म्हणत नाही, आठवणी म्हणतो. या प्रस्तावनेत मी त्यातले दोन-तीन धागे पुढे आणणार आहे, कारण संग्रहातले लेख त्यांच्याच आधाराने उभे आहेत.

पहिला धागा नारायण वामन टिळकांचा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. तिच्यातल्या योगायोगाचेच कौतुक होते. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ते पुस्तक वाचताना टिळक अडकले ते डोंगरावरच्या प्रवचनात, मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून. चमत्कारांनी किंवा त्रैक्याच्या सिद्धांताने त्यांना पकडले नाही. त्या तीन अध्यायांत काय आहे ते आठवून पाहा. भावावर राग धरणे, कज्जा न्यायालयात जाण्याआधी मिटवणे, शपथ न वाहता होला हो आणि नाहीला नाही म्हणणे, गाजावाजा न करता दान देणे, उद्याची चिंता, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ. जवळजवळ सगळे विषय घरातले, बाजारातले, शेजारचे. ज्या ग्रंथाने एका व्युत्पन्न ब्राह्मण कवीला 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेण्यापर्यंत नेले, त्याची सुरुवात त्याच्यासाठी सोमवारच्या प्रश्नांनी झाली होती. पुढच्या पिढ्यांनी टिळकांची गीते रविवारी गायली आणि ही सुरुवात मागे पडली.

आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. आंबीत राहणाऱ्याला हे वाक्य फार दूरचे वाटत नाही. इथून जाणारे पाणीच पुढे देहूला पोहोचते. पण तो पूल केवळ भावनेचा होता असे समजणे चूक आहे. तुकोबांनी देव शोधला तो दुकान, कर्ज, दुष्काळ, भांडखोर शेजारी यांच्या मधोमध. ज्याच्यावर हा संस्कार आहे, त्याला डोंगरावरचे प्रवचन परके वाटण्याचे कारणच नाही. टिळकांनी पुढे कीर्तन आणि अभंग हातात घेतले, आणि 1917 मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात एकत्र बसू शकत होते. 1919 मध्ये ते गेले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. तो पुढे जायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

टिळकांपेक्षाही मला अधिक शिकवले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र आपण विनोदासाठी आणि भाषेसाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण धर्माचा विचार म्हणून ते पुस्तक वाचले पाहिजे, असा माझा आग्रह आहे. लक्ष्मीबाई वाढल्या त्या सोवळ्याने पछाडलेल्या वडिलांच्या घरात, जिथे बाजारातून आलेली वस्तूसुद्धा धुतल्याशिवाय आत येत नसे. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्यांचा संसार मोडला. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, पण आपले सोवळे सांभाळत. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, दोघांचे अन्नपाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. सक्ती न करणे हाही एक धर्मविचार आहे. तो त्या काळच्या पुष्कळ मिशनऱ्यांना आणि पुष्कळ शास्त्रीबुवांनाही जमला नव्हता.

मग लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले. कसे सुटले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी आधी ख्रिस्ती सिद्धांत मान्य केले आणि त्यातून जातिभेद चुकीचा असा निष्कर्ष काढला, असे झाले नाही. देवाने माणूस केला, जात माणसाने केली, हे त्यांचे त्यांना एकदा लख्ख दिसले आणि त्यांनी कुणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. म्हणजे हातात पेला आधी आला, सिद्धांत मागून आले. धर्मशास्त्राच्या वर्गात हा क्रम उलटा शिकवला जातो: आधी काय मानायचे, मग कसे वागायचे. लक्ष्मीबाईंचे आयुष्य सांगते की कधी कधी वागणे पुढे जाते आणि मानणे धापा टाकत त्याच्या मागे येते. दुष्काळातली पोरकी मुले घरात घेणे, प्लेगमध्ये रोग्यांजवळ राहणे ही पुढची कामे त्याच रीतीची आहेत. ती करताना त्यांनी आपण काही तत्त्व पाळतो आहोत असा आव कुठेही आणला नाही. भूक समोर होती.

इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. मराठी ख्रिस्ती मंडळीतले बहुसंख्य लोक टिळकांच्या जातीतून आलेले नाहीत. ते महार आणि मांग वस्त्यांमधून आले. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने 1831 पासून काम केले, त्यातून उभ्या राहिलेल्या गावोगावच्या मंडळ्या त्यांच्या आहेत. एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणे ही त्यांच्यासाठी आणि उच्च जातीतून आलेल्यांसाठी सारखी गोष्ट नव्हती. एकाला त्यात काही सोडायचे होते, दुसऱ्याला पहिल्यांदाच काही मिळत होते. तरीही सोयरीक ठरवताना जात आली, आणि अजून येते. बाहेरून कायद्यानेही त्यांना वेगळे काढले: 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. चर्च म्हणते जात नाही, म्हणून शासन म्हणते सवलत नाही, आणि गावात जात आहेच. ज्याच्या वाट्याला हे येते त्याच्यासाठी श्रद्धा आणि व्यवहार यांचा संबंध हा पुस्तकी विषय राहत नाही. संग्रहातले तीन लेख या एकाच गोष्टीभोवती फिरतात. ते कुणाला तिखट वाटतील. मी ते सौम्य केलेले नाहीत.

दुसरा धागा आंबीच्या अगदी जवळचा आहे. तळेगावहून लोकलने लोणावळ्याला उतरले की अँथनी डिमेलो यांनी वाढवलेल्या साधना संस्थेच्या गावात आपण येतो. डिमेलो 1931 मध्ये मुंबईत जन्मले, येशूसंघात गेले, स्पेनमध्ये तत्त्वज्ञान आणि अमेरिकेत मानसशास्त्र शिकले. सत्तरच्या दशकात त्यांनी पुण्यात 'साधना' सुरू केली आणि पुढे ती लोणावळ्याला नेली. 1978 मध्ये आलेले त्याच नावाचे त्यांचे पुस्तक जगभर गेले. या पुस्तकातली पहिली शिकवण अशी की प्रार्थनेला बसणाऱ्याने आधी गप्प व्हावे, अंगावरच्या कपड्याचा स्पर्श जाणवून घ्यावा, श्वास येतो-जातो तो पाहावा. गोयंका शिकवत त्या विपश्यना ध्यानाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. त्याच्या जोडीला येशूसंघाचा मूळ पुरुष इग्नेशियस याने घालून दिलेली, दिवसातून दोनदा आपल्या मनाची झडती घेण्याची रीत होती.

डिमेलोंचे म्हणणे थोडक्यात असे: आपण झोपेत जगतो. रागावतो तेव्हा राग दिसत नाही, ज्याच्यावर रागावलो तोच दिसतो. राग न दाबता, त्याला दोष न देता, नुसते पाहत राहिलो तर त्याची पकड ढिली होते. मला हे खरे वाटते. कामावरच्या भांडणात, घरातल्या खेकसण्यात ते करून पाहण्यासारखे आहे, आणि त्यासाठी कुठेही जावे लागत नाही. पापाची यादी पाठ करून वर्षानुवर्षे तीच पापे करणाऱ्या आम्हा लोकांना हा मोठाच दिलासा होता.

डिमेलो 1987 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अचानक गेले. त्यानंतर 11 वर्षांनी, 1998 मध्ये, व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत मंडळाने त्यांच्या लेखनाबद्दल सूचना काढली. तेव्हा त्या मंडळाचे प्रमुख कार्डिनल रॅट्झिंगर होते, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले. सुरुवातीच्या पुस्तकांतल्या चांगल्या गोष्टी मान्य करून मंडळाने म्हटले की नंतरच्या लेखनात देव व्यक्तिरूप राहत नाही, येशू अनेक गुरूंपैकी एक होतो, आणि हे कॅथॉलिक श्रद्धेशी जुळत नाही. माझ्या ओळखीचे काही वाचक या सूचनेवर अजून चिडलेले आहेत. मी स्वतः तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहतो. डिमेलोंच्या कथा कुणाला घाबरवण्यासाठी नव्हत्या आणि त्यांच्यावर बंदीच्या भाषेत बोलणे मला रुचत नाही. पण मंडळाने विचारलेला प्रश्न खोटा नाही. मी माझा राग पाहिला, तो विरघळला, मी शांत झालो. ज्याच्यावर मी रागावलो होतो त्याचे काय? त्याची मजुरी मी बुडवली असेल तर माझ्या शांतीने ती परत मिळते का? नुसत्या जागेपणाला दुसऱ्या माणसाकडे वळवणारे काहीतरी लागते. ख्रिस्ती परंपरेत ते काहीतरी म्हणजे एक व्यक्ती आहे, जिच्या जखमा दिसतात. तिला बाजूला ठेवले की साधना आपल्यापुरती राहण्याचा धोका येतो. डिमेलोंचा उद्देश तसा होता असे मी म्हणत नाही, पण त्यांना वाचणाऱ्या सुखवस्तू माणसाला ती पळवाट सापडते, हे मी पाहिले आहे.

या वळणावर मला सिमोन वेल उपयोगी पडली. फ्रान्समधली ज्यू कुटुंबातली ही तत्त्वज्ञ बाई 1934 च्या डिसेंबरात अध्यापनातून रजा घेऊन कारखान्यात कामाला लागली, आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत यंत्रावर राबली. हात भाजले, डोके दुखायचे, ठरलेला आकडा पुरा होत नसे. थकलेल्या माणसाला विचार करणे किती अशक्य होते हे तिने अंगावर घेऊन पाहिले. ती ख्रिस्ताकडे ओढली गेली, पण चर्चच्या उंबरठ्यावर थांबून राहिली. तिचे सांगणे असे की संपूर्ण लक्ष देणे हीच प्रार्थना, आणि दुःखी माणसाला तुला काय होते आहे असे विचारून खरोखर ऐकत राहणे हे त्याच लक्षाचे दुसरे रूप. म्हणजे डिमेलो ज्या लक्षाने स्वतःचा श्वास पाहायला सांगतात, त्याच लक्षाने शेजारच्या यंत्रावरचा माणूस पाहायचा. संग्रहातल्या बहुतेक लेखांचा गाभा हा आहे. बाराव्या तासाला ओव्हरटाइम करणाऱ्याला हे ऐकवणे क्रूर ठरू शकते, याची जाणीव वेलला होती, आणि मलाही ठेवावी लागली.

आता एक दाखला जरा विस्ताराने मांडतो, म्हणजे या लेखांची रीत वाचकाला कळेल. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला सर्वांना माहीत आहे. मळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, दिवसभराचा एक दीनार कबूल करतो. पुन्हा तो तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला जातो, आणि दिवस मावळायला आला असता अकराव्या तासालाही जातो. तेव्हाही माणसे उभी असतात. का उभे आहात असे विचारल्यावर ती सांगतात, आम्हाला कुणी कामावर लावले नाही. संध्याकाळी सगळ्यांना तोच दीनार मिळतो आणि पहाटेचे कुरकुरतात.

उपदेशात याचा अर्थ सांगितला जातो तो असा: उशिरा आलेल्यालाही देवाच्या राज्यात जागा आहे. अर्थ बरोबर आहे, पण तो मजुरीवरून फार लवकर उठून जातो. मजूर नाक्यावर सकाळी उभी राहणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, तो आधी त्या अकराव्या तासाच्या लोकांपाशी थांबेल. नऊ वाजून गेल्यावर नाक्यावर उरतो तो आळशी नसतो. तो वयस्क असतो, किंवा अंगाने किरकोळ, किंवा ठेकेदाराच्या ओळखीतला नसतो. दिवसभर कुणी न बोलावता उभे राहणे हेही श्रम आहेत, आणि त्यांची हजेरी कुठे लागत नाही. त्या काळी दीनार म्हणजे एका घराची एका दिवसाची सोय. धन्याने मोजले ते काम नव्हते, संध्याकाळी त्या घरात चूल पेटायला किती लागते ते होते.

पण पहाटेच्या मजुरांची तक्रार हसण्यावारी नेऊ नये. समान कामाला समान दाम, जास्त कामाला जास्त दाम, ही मागणी कामगारांनी पिढ्यानपिढ्या लढून मिळवली आहे. कारखान्यात एकाच ओळीत कायम आणि कंत्राटी कामगार शेजारी-शेजारी तेच काम करतात आणि पगाराच्या दिवशी वेगवेगळे होतात, तेव्हा हीच मागणी न्यायाची भाषा असते. आणि दाखल्यातला धनी म्हणतो की माझ्या पैशाचे मी हवे ते करीन. हे वाक्य आंबीत कुणाच्या तोंडी ऐकू येते? मी या ठिकाणी बराच काळ अडून राहिलो. शेवटी मला दिसले ते असे: दाखल्यातल्या धन्याने आपले स्वातंत्र्य फक्त एका दिशेने वापरले. ठरल्यापेक्षा कमी कुणालाही मिळाले नाही. काहींना ठरल्यापेक्षा जास्त मिळाले. जो ठेकेदार तेच वाक्य म्हणून हजेरी कापतो, त्याने या धन्याचे शब्द उचलले आणि हात मात्र उलटा फिरवला. न्याय ही तळाची फरशी आहे आणि कृपा तिच्या वर चालते. फरशी उखडून कृपा करता येत नाही. हे वाचन अंतिम आहे असा माझा दावा नाही, पण नाक्यावर उभे राहून केलेले वाचन आहे, आणि व्यासपीठावरून ते सुचले नसते.

प्रार्थनेवरच्या लेखांबद्दल दोनच शब्द. 2020 च्या डिसेंबरात या पट्ट्यातला मोटारींचा एक मोठा कारखाना बंद पडला, आणि पुष्कळ घरांत नोकरीसाठी देवाकडे गाऱ्हाणे गेले. ज्यांची नोकरी परत आली नाही त्यांची प्रार्थना कमी पडली, असे म्हणणाऱ्या प्रत्येक उपदेशाला माझा विरोध आहे. रोजची भाकर मागायला येशूने शिकवले ते अनेकवचनात, आम्हाला दे अशा शब्दांत. त्या मागणीत शेजाऱ्याची भाकरही येते, आणि मग मागणाऱ्याच्याच गळ्यात काम पडते.

ईश्वर आहे हे सिद्ध करण्याचा प्रयत्न इथे कुठेही नाही. तशी पुस्तके आहेत, काही फार चांगली आहेत. जो वाचक ख्रिस्ती नाही, किंवा कशावरच विश्वास ठेवत नाही, त्याच्याशी मला बोलायचे आहे ते राग, पैसा, दुखणे, जात, म्हातारे आईवडील अशा समाईक जागी. त्याच जागी मला येशू भेटतो, आणि तेही मी लपवलेले नाही.

लेख कोणत्याही क्रमाने वाचावेत. अपवाद फक्त क्षमेवरच्या दोन लेखांचा. पहिला सत्तर वेळा सात या आज्ञेवर आहे आणि मी तो मनापासून लिहिला आहे. पण क्षमा कर, सहन कर, असे सांगून मारझोड होणाऱ्या घरात परत पाठवलेल्या बायका आमच्या मंडळ्यांमध्ये आहेत, आणि त्यांना परत पाठवताना हीच आज्ञा वापरली गेली. दुसरा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यात मी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या कामाचा आधार घेतला आहे. दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी तिथे आधी अन्न दिले, छप्पर दिले, मग अक्षर शिकवले, मग हाताला काम दिले. त्या बायकांनी चालवलेल्या छापखान्यातच रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत चालवलेले बायबलचे मराठी भाषांतर छापले गेले. अन्याय करणाऱ्याला क्षमा करायची की नाही, कधी करायची, हे ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्यालाच मोकळेपणाने ठरवता येते. म्हणून पहिला लेख वाचणाऱ्याने दुसरा त्याच बैठकीत वाचावा, आणि मंडळीत मोठ्याने वाचून दाखवायचा असेल तर आधी दुसरा वाचावा.